छत्रीबाई मानसशास्त्र शिकल्या त्याची गोष्ट

बसस्थानकावरच्या 'हरवले-सापडले' खिडकीमागे ज्या बाई अठ्ठावीस वर्षं बसल्या, त्यांना सगळे छत्रीबाई म्हणत. खिडकीत डबे यायचे, चपला यायच्या, एकदा कोणाची तरी कवळी आली होती आणि एकदा मुलांची तीनचाकी सायकल. पण बारा आणे माल छत्र्यांचाच. बाईंना या नावाचा राग नव्हता. "उपयोगाची वस्तू आहे. लोक विसरतात, पण गरज लागली की शोधत येतात," असं त्या म्हणायच्या, आणि ते त्या छत्रीबद्दल म्हणतात की स्वतःबद्दल, हे समोरच्याला कळायचं नाही.

या खिडकीने बाईंना एक विद्या शिकवली होती. छत्री मागायला आलेला खरा मालक गोंधळलेला असायचा. "काळी होती हो. म्हणजे काळीच असेल. दांडा... दांडा होता." त्याला छत्री लगेच मिळायची. आणि जो माणूस दांड्याचा वाक, तिसऱ्या काडीवरचा गंज, कापडाला मारलेला टाका असं सगळं घडाघडा सांगायचा, तो हमखास चोर. कारण तो बाईंच्या खांद्यावरून मागच्या फळीकडे बघत बोलायचा. आपल्या वस्तूकडे एवढं निरखून कोणीच बघत नाही, बघतात ते दुसऱ्याच्या वस्तूकडे, हा बाईंचा सिद्धान्त. तो कुठे छापून आला नव्हता, पण अठ्ठावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

मग एक दिवस खिडकी बंद झाली. तिच्या जागी काचेचा पडदा असलेलं यंत्र आलं. हरवलेल्या वस्तूचा रंग, आकार, लांबी आणि खुणा त्यात भरायच्या. जो जास्तीत जास्त रकाने भरेल त्याला वस्तू मिळायची. म्हणजे चोरांची सोय झाली. बाईंनी हे साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांनी त्यांना पुष्पगुच्छ दिला आणि मुदतीआधी निवृत्त केलं.

घरी बसून बाईंना तीन आठवडे झाले. नवरा छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करायचा. दिवसभर डिंकाच्या वासात राहून संध्याकाळी घरी येणारा शांत माणूस. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. घरातली कपाटं दोनदा लावून झाली, तिसऱ्यांदा लावायला बाई उठल्या तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, आता कपाटंच दमली." त्याच सुमारास विद्यापीठाने जाहिरात दिली होती, की पंचेचाळिशीच्या पुढच्या आणि पदवी नसलेल्या माणसांना रिकाम्या राहिलेल्या जागांवर प्रवेश मिळेल. रिकाम्या जागा तीनच विषयांत होत्या. बाईंनी मानसशास्त्रावर खूण केली.

"म्हणजे आता तुला माझ्या मनातलं कळणार?" नवऱ्याने विचारलं.

"ते मला एकतीस वर्षं कळतंय. आता त्याचं शास्त्रीय नाव कळेल."

नवरा हसला, पण पुढचे चार दिवस त्याने बाईंच्या समोर बसून जेवायचं टाळलं. नणंद आली ती थेट मुद्द्यावर आली. "आपल्या घराण्यात कोणाला वेड लागलेलं नाही. हे काय शिकायचं खूळ काढलंस? या वयात लोक गुडघे सांभाळतात."

"गुडघे घरी ठेवून जात नाहीये," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या आणि एकशे ऐंशी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं प्राध्यापक आल्या. बाईंनी हाताने बसा बसा केलं आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. तेव्हा सगळ्या वर्गाला फसवल्यासारखं वाटलं. शेजारी गळ्यात हेडफोन अडकवलेली एक मुलगी होती. तिने बारीक आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही कोणाच्या आई?"

"इथे कोणाचीच नाही. रोल नंबर एकशे बारा."

ही हेडफोनवाली पुढे तीन वर्षं बाईंच्या शेजारी बसली. तिला व्याख्यान ऐकू यायचं नाही आणि बाईंना फळ्यावरचं दिसायचं नाही, त्यामुळे दोघींचा मिळून एक विद्यार्थी व्हायचा.

पहिल्या वर्षी बाईंना कळलं, की या शास्त्रात प्रत्येक गोष्टीला नाव असतं, आणि नाव दिलं की ती गोष्ट समजली असं धरून चालतात. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' हे आपण एका वाक्यात म्हणतो, त्याला पुस्तकात चौदा पानं, दोन आकृत्या आणि तज्ज्ञांमधला एक न मिटलेला वाद होता. 'नाचता येईना अंगण वाकडं' याला तर तीन वेगवेगळी नावं होती आणि तिन्हींचे शोधकर्ते एकमेकांशी बोलत नव्हते. बाई सगळं वहीत उतरवून घ्यायच्या. उजव्या बाजूला शास्त्रीय नाव, डाव्या बाजूला म्हण. परीक्षेत डावी बाजू लिहिली की मार्क कापले जायचे.

इकडे इमारतीत दोन तट पडले. एका तटाचे लोक बाई जिन्यात दिसल्या की नजर चुकवायचे, न जाणो, मनातलं वाचलं तर! दुसऱ्या तटाचे लोक चहाच्या निमित्ताने येऊन फुकट सल्ला मागायचे. घराण्यात वेड नाही म्हणणारी नणंद या दुसऱ्या तटात सर्वांच्या पुढे होती.

"मला सारखं स्वप्न पडतं," ती म्हणाली. "मी लिफ्टमध्ये अडकलेय आणि शेजारी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या आहेत. त्या माझ्याकडे बघतही नाहीत. याचा अर्थ काय?"

"स्वप्नांचा भाग अजून आला नाही," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "सध्या सरासरी चालू आहे."

"कसली सरासरी?"

"सगळ्याची."

नणंदेचा चेहरा पडला. एवढं शिकून हिला साधी लिफ्ट कळत नाही, असं तिने पुढे चार घरी सांगितलं.

सरासरी मात्र खरंच बाईंच्या जिवावर आली होती. मन शिकायला आलेल्या माणसाला दारातच संख्याशास्त्र गाठतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. दर वर्षी नेमणूक नव्याने व्हायची म्हणून त्या कायम दाराजवळ उभ्या राहून शिकवत. मुलं त्यांना आकडेवाल्या मॅडम म्हणायची. बाई पहिल्या चाचणीत नापास झाल्या, दुसऱ्या चाचणीत काठावर पास झाल्या आणि मग एके दिवशी त्यांचा हात वर गेला.

"मॅडम, निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता विसात एकाहून कमी असेल तर तो खरा मानून छापायचा, बरोबर?"

"ढोबळमानाने, हो."

"मग खुर्चीखाली काही नसताना वीस जणांनी शोधलं, तर एकाला काहीतरी सापडणारच. तो छापणार. बाकीचे एकोणीस काय करतात?"

मॅडमनी एकदा दाराबाहेर बघितलं. "ते गप्प बसतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे अभ्यासक्रमात नाही."

त्या दिवसापासून बाईंना संख्याशास्त्र आवडायला लागलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला वीस तास स्वतःचं मन विभागाला द्यावं लागे. म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलांच्या आणि प्राध्यापकांच्या प्रयोगात जाऊन बसायचं, सांगतील ती बटणं दाबायची, विचारतील ती उत्तरं द्यायची. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं, की पुस्तकात 'माणूस असा वागतो' म्हणून जे ठासून छापलं होतं, तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा एकोणीस वर्षांचा, नाश्ता न केलेला आणि सुटका कधी होते याची वाट बघणारा विद्यार्थी होता.

बाई यात कुठेच बसेनात. एका प्रयोगात पडद्यावर शब्द आला की कळ दाबायची होती. बाई आधी शब्द नीट वाचायच्या, मग दाबायच्या. प्रयोग घेणारा मुलगा अदबीने म्हणाला, "काकू, तुम्ही आउटलायर आहात."

"शिवी आहे का?"

"नाही नाही. बाकीच्यांपासून फार लांब पडलेला बिंदू. आम्ही तो काढून टाकतो."

"कुठे टाकता?"

"एक वेगळी फाइल असते."

"त्यात माझ्यासारखे किती आहेत?"

मुलाने बघितलं. "नऊ."

"नऊ जण एकाच जागी पडले आहेत, मग ते लांब कसे? तो गाव झाला."

मुलाने तास पूर्ण झाल्याची सही करून बाईंना लवकर सोडलं.

दुसरा प्रयोग तर मोडलाच. बाईंना आणखी तिघांबरोबर एका खोलीत वाट बघायला बसवलं होतं. शेजारी बसलेली मुलगी अचानक हुंदके देऊ लागली. "माझी फाइल हरवली! निळी होती, कडा दुमडलेली, डाव्या कोपऱ्यात पिवळा स्टिकर, आत बत्तीस पानं आणि एक टाचणी!"

बाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "बाळ, तुझी फाइल हरवलेली नाही."

"अहो, खरंच हरवली!"

"तुझ्या पिशवीत बघ. नसेल तर ज्याने तुला हे पाठ करायला दिलं त्याच्याकडे असेल."

अनोळखी माणसाच्या दुःखात कोण किती मिनिटांनी मदत करतं, याचा तो अभ्यास होता. घड्याळ लावून पडद्यामागे उभी असलेली संशोधक मुलगी बाहेर आली आणि रडायलाच लागली. तिची ही शेवटची मुदत होती आणि आता खोलीतल्या इतर तिघांनाही नाटक कळलं होतं. तिचं काय बिघडलं हे तिला धड सांगताही येईना, नुसतं "सगळंच... सगळंच..." चाललं होतं. बाईंनी झटकन उठून तिला खुर्ची दिली, पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला. घड्याळ चालूच होतं. बाईंना मदतीला लागलेला वेळ चार सेकंद. पण ती नोंद कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, म्हणून ती वेगळ्या फाइलमध्ये गेली.

तिसऱ्या वर्षी प्रबंध आला, आणि प्रबंधाबरोबर खुर्चीसर आले.

खुर्चीसर म्हणजे विभागाचे प्रमुख आणि विभागाचं भूषण. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी एका प्रयोगात सिद्ध केलं होतं, की उंच खुर्चीवर बसलेला माणूस बुटक्या खुर्चीवरच्या माणसापेक्षा जास्त खरं बोलतो. उंचीमुळे माणसाला नैतिक उंचीची जाणीव होते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. त्यावर त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं, ते हातोहात खपलं. चौकशी अधिकाऱ्यांनी उंच खुर्च्या घेतल्या, विमा कंपन्यांनी घेतल्या, एका दंतवैद्यानेही घेतली. त्याला रुग्णांनी दात किती वेळा घासले ते खरं ऐकायचं होतं. सरांच्या केबिनमध्ये मात्र पाहुण्यांसाठी जमिनीलगतचे मऊ सोफे होते. तिथे खरं ऐकण्याची सरांना घाई नसावी.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि 'आजच्या पिढीवरही हाच परिणाम दिसतो' असं एक वाक्य सरांना त्यात हवं होतं. त्यासाठी जुना प्रयोग कोणीतरी पुन्हा करायला हवा होता. जे आधीच सिद्ध झालंय ते पुन्हा करायला एकही मूल तयार नव्हतं. सरांनी यादीवरून बोट फिरवलं आणि ते रोल नंबर एकशे बारावर थांबलं.

प्रयोग सोपा होता. माणसाला खुर्चीवर बसवायचं, सामान्यज्ञानाचे वीस प्रश्न द्यायचे, मग बरोबर उत्तरं दाखवून म्हणायचं, तुझे तूच मार्क मोज आणि आम्हाला सांग. खरे मार्क किती ते संगणक गुपचूप टिपून ठेवायचा. बाईंनी साठ मुलं बसवली, तीस उंचावर, तीस साध्या खुर्चीवर. उंचावरच्यांनी सरासरी दोन मार्क वाढवून सांगितले. साध्या खुर्चीवरच्यांनीही दोनच. उंचीने काडीचा फरक पडला नव्हता.

बाई निकाल घेऊन केबिनमध्ये गेल्या आणि सोफ्यात खोल बुडाल्या.

"किती लोक घेतले?" सरांनी वरून विचारलं.

"साठ."

"कमी आहेत."

"तुमचे चाळीस होते, सर."

"तेव्हा माणसं वेगळी होती." सरांनी कागद चाळला. "ही बघा, ही काही मंडळी फारच फेकतायत. यांना काढून परत मोजा."

"म्हणजे खोटं बोलणारे काढले की उरलेले खरं बोलतात, असं?"

"बाई, याला डेटा स्वच्छ करणं म्हणतात." सर दयाळूपणे हसले. "तुम्ही घरात केर काढताच ना?"

बाई घरी आल्या. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दे ना त्यांना हवं ते लिहून. तीन वर्षं घासलीस. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

आणि खरं सांगायचं तर बाईंनी काढले. उंच खुर्चीवरचे सात जण, सगळे अट्टल फेकू, एकेक करून रांगेतून पुसले. सातवा पुसला आणि पडद्यावरचा आकडा धडपडत विसात एकाच्या खाली आला. बाईंच्या अंगावर शहारा आला. एवढ्या वर्षांत त्यांनी लोकांना हजारो छत्र्या परत केल्या होत्या, पण एखादी काखेत मारून चालू पडताना कसं वाटत असेल ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं. झकास वाटतं. त्यांनी त्याच झोकात प्रबंधाची पंधरा पानं लिहून काढली.

दुसऱ्या दिवशी हेडफोनवालीने शेजारून वाकून यादी बघितली. "काकू, यात मी कुठेय? मी उंच खुर्चीवर होते."

"तू किती सांगितले होतेस?"

"अठरा."

"आणि आले किती होते?"

"नऊ." तिने बेधडक सांगितलं. "मला काढून टाकलं? काकू! मी मनापासून खोटं बोलले होते!"

बाईंना हसू आलं आणि लाजही वाटली. वेगळ्या फाइलीत टाकलेल्या नऊ जणांच्या गावात त्या स्वतः राहून आल्या होत्या, आणि आता हातात खोडरबर आल्यावर पहिलं काम त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे सातही जण परत घातले, पंधरा पानं फाडली आणि विचार करू लागल्या. साठ जणांवर फरक पडत नाही, मग सरांच्या चाळीस जणांवर कसा पडला? सर काही खोटारडे नव्हते. फार तर आशाळभूत होते.

उत्तर तळघरात होतं. विभागाचं जुनं सामान तिथे असे आणि त्याचा ताबा एका भांडारवाल्या काकांकडे होता. चौतीस वर्षांची नोकरी. विभागातला प्रत्येक स्क्रू त्यांना ओळखायचा.

"सरांची जुनी खुर्ची आहे का हो?"

"आहे की. तिचं टेबलही आहे. टाकून देऊ नका म्हणाले होते सर, संग्रहालयात ठेवायचंय म्हणे." काकांनी कापड ओढलं, धूळ उडाली.

खुर्ची खरोखरच उंच होती. तिच्यापुढचं टेबल म्हणजे उतरत्या फळीचा जुना डेस्क. फळीच्या खालच्या बाजूला, म्हणजे बसणाऱ्याच्या पोटाशी, कागद घसरू नये म्हणून बोटभर उंच पट्टी होती. तेव्हा विभागात संगणक नव्हते. उत्तरपत्रिकेखाली जाड कागद, त्याखाली कार्बन आणि त्याखाली कोरा कागद अशी व्यवस्था होती. माणूस आपली उत्तरपत्रिका फाडून टाकायचा, मनाला येतील ते मार्क सांगायचा, आणि त्याची खरी उत्तरं खालच्या कागदावर उमटलेली राहायची.

काकांनी हौसेने सगळं जसंच्या तसं मांडून दाखवलं. बाई आधी साध्या खुर्चीवर बसल्या. पुढ्यात पांढरा कागद, बाकी काही नाही. मग उंच खुर्चीवर चढल्या आणि खाली पाहिलं. पट्टीच्या मागे, कागदाच्या कडेला, कार्बनची निळी किनार लख्ख दिसत होती.

बाई उतरल्या, पुन्हा साध्या खुर्चीवर बसल्या. किनार नाही. पुन्हा वर चढल्या. किनार.

"काका, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तर कार्बन बदलायचो. वर बसलेली पोरं विचारायची, काका, हे निळं काय आहे? मी म्हणायचो, असेल काहीतरी, लिहा तुम्ही."

"सरांना सांगितलं नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही," काका म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती.

पुढचा दीड महिना बाईंनी तळघरात काढला. वीस जण साध्या खुर्चीवर, वीस जण उंच खुर्चीवर, आणि आणखी वीस जण उंच खुर्चीवरच, पण कार्बन अर्धा इंच कातरलेला. निळी किनार दिसलेल्या लोकांनी मार्क जवळपास जसेच्या तसे सांगितले. किनार न दिसलेल्यांनी, उंच खुर्चीवर असोत वा साध्या, मनसोक्त वाढवले. नैतिक उंची वगैरे काही नव्हतं. पकडले जाऊ असं दिसत होतं, एवढंच.

फक्त चार जण या हिशोबात बसेनात. त्यांना काहीच दिसलं नव्हतं, तरी त्यांनी खरे मार्क सांगितले होते. बाईंना त्यांचं फार कुतूहल वाटलं. त्यातल्या एका काटक मुलाला गाठून त्यांनी विचारलं, "तू वाढवून का नाही सांगितलेस?"

मुलगा बुचकळ्यात पडला. "नऊ आले होते. म्हणून नऊ म्हटलं."

"पण का?"

"का म्हणजे? नऊच होते ना?"

बाईंनी ते वाक्य प्रबंधात जसंच्या तसं घातलं. मसुदा वाचताना आकडेवाल्या मॅडमनी त्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'राहू द्या.'

तोंडी परीक्षेला तिघे होते. खुर्चीसर, आकडेवाल्या मॅडम आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, ज्यांना परतीची गाडी गाठायची होती. बाईंनी डेस्क आणि खुर्ची काकांकडून वर आणवून, कागद-कार्बनसकट मांडून घेतली होती. त्यांनी बोलायच्या आधी सरांना विनंती केली, की सर, तुम्हीच एकदा बसून बघा.

सर आपल्या खुर्चीवर सोळा वर्षांत पहिल्यांदाच बसले. खाली पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मॅडम नेहमीप्रमाणे दाराजवळ होत्या, पण आज दाराकडे पाठ करून उभ्या होत्या.

बाईंना त्या क्षणी सरांची कीव आली. छत्री आपली नाही हे ज्याला आत्ताच कळलंय अशा माणसाचा चेहरा त्यांनी पूर्वी पाहिला होता. बहुतेक वेळा असा माणूस छत्री खाली ठेवून निघून जायचा. सर मात्र घसा खाकरून म्हणाले, "यात माझा सिद्धान्त खोटा कुठे ठरतो? उंच बसल्यामुळेच त्यांना किनार दिसली ना?"

"वा!" बाहेरचे परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले. "म्हणजे हा मूळ सिद्धान्ताचा विस्तारच म्हणायचा!"

"सर, पण किनार कापली तर..." बाई म्हणाल्या.

"ते पुढच्या संशोधकांसाठी," सर म्हणाले आणि खुर्चीवरून उतरले.

बाईंना शंभरपैकी चोपन्न मिळाले. शेरा होता: 'भाषा फार सोपी. संदर्भ कमी. कात्रीचा वापर अनावश्यक.' चोपन्न ही तिघांच्या मार्कांची सरासरी होती. मॅडमनी किती दिले असतील याचं गणित बाईंना आता करता येत होतं, आणि ते त्यांनी केलं, तेव्हा मॅडमचा आकडा शंभराला टेकला.

सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात 'दृष्टिकोनाची उंची' असं नवं प्रकरण होतं आणि तळटिपेत 'एका प्रौढ विद्यार्थिनीचे' आभार. ते वाचून दोन कार्यालयांनी निळ्या किनारीची टेबलं मागवली म्हणतात.

पदवी मिळाली, दुसऱ्या वर्गात. नवऱ्याने प्रबंधाची एक प्रत स्वतःच्या हाताने बांधली, कापडी पुठ्ठा घातला, आणि पाठीवर सोनेरी अक्षरं दाबताना बाईंचं नाव एका वेलांटीने चुकवलं. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं बिनचूक छापणारा माणूस. "हात थरथरला," तो म्हणाला. बाईंनी त्याचं शास्त्रीय नाव आठवून पाहिलं, आठवलं, आणि सांगितलं नाही. नणंदेने प्रबंध उलटून पालटून बघितला आणि विचारलं, "यात लिफ्टचं काही आहे का?"

पुढे आकडेवाल्या मॅडमना वृद्धांच्या स्मरणशक्तीवर छोटंसं काम मिळालं. माणसं नेमायची होती. त्यांनी पहिला फोन बाईंना केला. तेव्हापासून बाई आठवड्यातून दोनदा दुपारी वृद्धांच्या केंद्रात जातात. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, थांबायचं, आणि समोरच्याला किती आठवतात ते लिहायचं. सुचवायचं नाही, डोळ्यांनी खुणावायचं नाही, हा नियम.

तिथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी आहेत, पूर्वी शाळेत शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कपाळाला आठ्या घालून 'दोरी, कंदील, साबण, पूल' एवढं सांगितलं आणि पुढचं काही येईना.

"किती झाले?" आजींनी विचारलं.

"चार."

"सहा लिहा की. कोण बघतंय?"

"चारच आले आहेत, आजी."

"तुमच्यात माणुसकी नाही," असं म्हणून आजींनी भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी चार लिहिले, कागद पिशवीत ठेवला, पण उठल्या नाहीत. चहा आला तो दोघींनी घेतला. निघताना बाईंना वाटलं, या आता आपल्याला दारात उभं करणार नाहीत.

पुढच्या खेपेला दुसऱ्याच मुलीची पाळी होती. ती गोड होती, आजींना आजी आजी करत होती, आणि चारच आठवले तरी तिने सहा लिहिले. आजींनी तिला हसून निरोप दिला आणि मग केंद्रवाल्यांना बोलावून घेतलं.

"पुढच्या वेळी ती आधीची खडूस बाई पाठवा," त्या म्हणाल्या. "मला माझं काय चाललंय ते कळायला नको?"